चारशे यार्डांत अडकलेलं इंटरनेट: बर्कलीचं 1986 चं प्रकरण

ऑक्टोबर 1986. कॅलिफोर्नियात बर्कलीला टेकडीवर लॉरेन्स बर्कली लॅब आहे आणि तिच्या पायथ्याशी बर्कली विद्यापीठ. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांमधलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे साधारण 365 मीटर, आणि मधे आर्पानेटचे, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन सरकारी नेटवर्कचे, मोजून काही पॅकेट स्विच (डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, पुढे ढकलणारी मशीन). एरवी या दोन टोकांमधे डेटा सेकंदाला 32 किलोबिट वेगाने जायचा, तो एकाएकी 40 बिटवर आला. किलोबिट नाही, नुसते बिट. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! शंभर किलोबाइटची जी फाइल 25 सेकंदात पोचायची तिला या हिशोबाने साडेपाच तास लागणार, त्यापेक्षा माणूस टेप खिशात घालून टेकडी उतरून गेला असता तर कितीतरी आधी पोचला असता.

आणि यात विशेष हे की कुठेही काही तुटलेलं नव्हतं. लाइन चालू, मशीन चालू, स्विच चालू, सॉफ्टवेअर जसं लिहिलंय तसं अगदी बरोबर वागतंय, आणि तरी काम शून्य. याला कंजेशन कोलॅप्स म्हणतात, नेटवर्क पूर्ण भरलेलं असतं पण त्यातून उपयोगाचं असं जवळजवळ काहीच पोचत नाही.

नेटवर्किंगमधला रिसर्च ग्रुप नक्की करतो काय, नवीन प्रोटोकॉल लिहितो, पेपर छापतो की राउटर बनवतो, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना खरंच माहीत नसतं आणि त्यांना कोणी नीट सांगतही नाही. माझ्या मते या एका प्रकरणात ते सगळं दिसतं. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितोय, थोडं लांबेल, पण इथे घाई करण्यात अर्थ नाही.

आधी काय परिस्थिती होती

तेव्हाचं इंटरनेट केवढं, तर नोव्हेंबर 1986 च्या मोजणीत त्यावर 5,089 होस्ट (जोडलेले कॉम्प्युटर) होते, आणि दोन वर्षांनी ऑक्टोबर 1988 मधे तोच आकडा 56,000 च्या आसपास. म्हणजे दोन वर्षांत अकरापट. आर्पानेटच्या लांबच्या लाइन 56 किलोबिटच्या, पण ऑफिसात आणि कॅम्पसवर 10 मेगाबिटचं इथरनेट आलेलं आणि त्यावर सन कंपनीची वर्कस्टेशन. थोडक्यात टोकाचं मशीन जोरात ओतू शकतं आणि मधली नळी बारीक, फरक जवळजवळ 200 पटींचा. टीसीपी, म्हणजे डेटा न हरवता पोचवायचा इंटरनेटचा मुख्य प्रोटोकॉल, लिहिलं गेलं तेव्हा ही तफावत एवढी नव्हती.

टीसीपी कसं चालतं ते दोन वाक्यांत. पाठवणारा एका वेळी किती डेटा उत्तराची वाट न बघता पाठवू शकतो त्याला विंडो म्हणतात, घेणारा प्रत्येक पॅकेट मिळालं की पोच पाठवतो ज्याला सगळे अ‍ॅक म्हणतात, आणि ठरलेल्या वेळात अ‍ॅक आली नाही की पाठवणारा समजतो पॅकेट हरवलं आणि तेच परत पाठवतो. यात विंडो किती मोठी ठेवायची हे घेणारा सांगायचा, त्याच्याकडे जागा किती आहे बघून. मधल्या रस्त्याला किती झेपेल हे कोणी विचारतच नव्हतं, कारण टीसीपीत तशी सोयच नव्हती.

आता इथे गोची कशी होते बघा. मधल्या गेटवेपाशी, म्हणजे आजच्या भाषेत राउटरपाशी, पॅकेटांची रांग वाढली की अ‍ॅक उशिरा येते, उशीर झाला की पाठवणारा समजतो हरवलं आणि परत पाठवतो, खरं तर पहिलं पॅकेट अजून रांगेतच उभं असतं, आता त्याच्या मागे त्याचाच डुप्लिकेट येऊन उभा राहतो. एसटीच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीवर रांग हलत नाही म्हणून एकाच घरातल्या माणसाने त्याच तिकिटासाठी आधी भावाला मग मुलाला मग पुतण्याला रांगेत उभं करावं आणि सगळ्या घरांनी हेच करावं, तसं. रांग लांब होते पण तिकिटं तेवढीच निघतात, उलट खिडकीवरच्या माणसाचा अर्धा वेळ हे तिकीट आधीच दिलंय हे सांगण्यात जातो.

हे होणार हे एका माणसाने आधीच लिहून ठेवलं होतं. जॉन नेगल, फोर्ड एरोस्पेसमधे होते, त्यांनी जानेवारी 1984 मधे आरएफसी 896 (इंटरनेटचे नियम आणि सूचना ज्या क्रमांक दिलेल्या कागदांत लिहितात त्यातला एक) लिहिलं आणि त्यात कंजेशन कोलॅप्स हाच शब्द वापरून सांगितलं की नेटवर्क एकदा या अवस्थेत गेलं की आपोआप बाहेर येत नाही, तिथेच स्थिर होऊन बसतं. फोर्डचं अंतर्गत नेटवर्क तेव्हा खूप वापरात आणि लाइन हळू, त्यामुळे त्यांना हे लवकर जाणवलं. बाकीच्या आर्पानेटवर तेव्हा भरपूर मोकळी जागा होती म्हणून तो धोका बाकीच्यांना टोचला नाही. पावणेतीन वर्षांनी टोचला.

कोणी हातात घेतलं

व्हॅन जेकबसन लॉरेन्स बर्कली लॅबमधले. टेकडीखाली विद्यापीठात कॉम्प्युटर सिस्टम्स रिसर्च ग्रुप होता, सीएसआरजी, जो बर्कली युनिक्स म्हणजे बीएसडी बनवायचा, आणि तिथे माइक कॅरल्स टीसीपीचा कोड सांभाळत होते. एक जण नेटवर्कचा रोजचा गिऱ्हाईक, दुसरा त्या कोडचा मालक, आणि दोघं एकमेकांकडे चालत जाऊ शकतील एवढ्या अंतरावर. या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, कुठलाही अल्गोरिदम नंतर. ज्याला त्रास होतोय आणि ज्याच्या हातात कोड आहे ती माणसं एकाच टेबलावर बसली तर काय होऊ शकतं ते इथे दिसतं, आणि बहुतेक ठिकाणी ती माणसं वेगवेगळ्या इमारतीत, वेगवेगळ्या बजेटखाली आणि एकमेकांच्या ईमेलला आठवड्याने उत्तर देणारी असतात.

त्यांनी पहिला प्रश्न असा धरला की 4.3 बीएसडीचं टीसीपी चुकीचं वागतंय का, आणि नेटवर्क इतकं वाईट असताना त्याला जास्त नीट चालवता येईल का. 1988 च्या पेपरमधे त्यांनी लिहिलंय की दोन्हीचं उत्तर हो आलं.

उत्तरापर्यंत पोचायला मात्र त्यांनी आधी पॅकेट मोजले. प्रत्येक पॅकेट कधी निघालं, त्याचा सिक्वेन्स नंबर (डेटातला अनुक्रमांक) काय, परत कधी गेलं, हे सगळं टिपून त्याचा आलेख काढायचा, आडवा वेळ, उभा सिक्वेन्स नंबर. आज हा आलेख प्रत्येक नेटवर्किंगच्या पुस्तकात आहे म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण नीट चाललेलं कनेक्शन म्हणजे वर चढणारी सरळ रेघ आणि बिघडलेलं म्हणजे करवतीचे दात, एवढं डोळ्यांनी दिसायला लागल्यावर मग वाद घालायला जागा राहत नाही. त्या पेपरमधला एक प्रयोग असा, दोन सन 3/50 मशीन, दोघं आपापल्या इथरनेटवर, मधे 230.4 किलोबिटची मायक्रोवेव्ह लिंक, विंडो 16 किलोबाइट. जुन्या टीसीपीने सुरुवात केली की पूर्ण विंडो एका दमात बाहेर, गेटवेची रांग भरून वाहिली, मग परत पाठव, परत पाठव. उपलब्ध बँडविड्थपैकी फक्त 35 टक्के कामाला आली, जवळजवळ प्रत्येक गोष्ट किमान एकदा परत पाठवावी लागली, आणि 54 ते 58 किलोबाइटमधला तुकडा तर पाच वेळा गेला. पाच वेळा! आणि हे फक्त एका कनेक्शनचं, रस्त्यावर दुसरं कोणी नसताना.

निदान

जेकबसन यांचा मुख्य विचार अगदी साधा आणि मला तरी अजून सुंदर वाटतो. कनेक्शन स्थिर चालू असेल तर एक पॅकेट नेटवर्कच्या बाहेर पडल्याशिवाय नवीन आत टाकायचं नाही. पॅकेटांची संख्या कायम. यासाठी वेगळं घड्याळ लागत नाही कारण अ‍ॅक हेच घड्याळ, सगळ्यात बारीक लिंकमधून पॅकेट ज्या अंतराने बाहेर पडतात त्याच अंतराने अ‍ॅक मागे येतात आणि त्याच तालावर पाठवणारा पुढचं सोडतो. मधल्या लिंकचा वेग पाठवणाऱ्याला कोणी सांगितला नाही तरी त्याला तो कळतो.

मग त्यांनी विचारलं की हा नियम मोडतो कुठे, आणि तीनच जागा सापडल्या. एक, कनेक्शन त्या स्थिर अवस्थेपर्यंत पोचतच नाही. दोन, पोचलं तरी जुनं बाहेर पडायच्या आधी नवीन आत टाकलं जातं. तीन, रस्त्यावर बाकीच्यांची गर्दी एवढी की स्थिर अवस्था शक्यच नसते.

पहिल्यावर उपाय स्लो स्टार्ट. अ‍ॅकच्या घड्याळावर चालायचं तर आधी अ‍ॅक यायला हव्यात, आणि अ‍ॅक यायला आधी काहीतरी पाठवायला हवं, हा तिढा असा सोडवला की सुरुवात एका पॅकेटने, त्याची अ‍ॅक आली की दोन, मग चार, मग आठ. नाव स्लो असलं तरी ते दर फेरीला दुप्पट होतं त्यामुळे मोठ्या विंडोपर्यंतसुद्धा थोड्याच फेऱ्यांत पोचतं. कोडमधे एक नवीन व्हेरिएबल आणि तीन ओळी, बस. त्याच मायक्रोवेव्ह लिंकवर, तीच मशीन, त्याच आकाराची विंडो, यावेळी परत पाठवण्यात काहीच वाया गेलं नाही, स्लो स्टार्टमधे दोन सेकंद गेले तरी एकूण वेग दुपटीहून जास्त.

दुसरी जागा टायमरची, आणि मला वाटतं शिकवताना हीच सगळ्यात जास्त गाळली जाते. अ‍ॅकची वाट किती वेळ बघायची हे जुन्या नियमाप्रमाणे सरासरी वेळेच्या दुप्पट असं ठरलेलं, पण गर्दी वाढली की सरासरी वाढते ती वाढतेच, तिच्यातली चढउतार त्याहून जास्त वाढते. पेपरमधला हिशोब सांगतो की दुपटीचा नियम फक्त 30 टक्के लोडपर्यंत टिकतो. त्याच्या वर गेलं की टीसीपी नुसत्या उशीर झालेल्या पॅकेटांना हरवलेलं समजून परत पाठवायला लागतं, म्हणजे नेमकी गर्दी झाली की आणखी गर्दी करायची. उपाय असा की सरासरीबरोबर तिच्यापासूनचा फरकसुद्धा मोजत राहायचा आणि दोन्ही मिळून टायमर ठरवायचा. त्यात गंमत ही की स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला वर्गमूळ लागतं आणि ते प्रत्येक पॅकेटमागे कर्नलमधे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, करणं तेव्हा महागात पडलं असतं, म्हणून त्यांनी नुसता फरकाचा आकडा घेतला आणि गुणक एक अष्टमांश आणि एक चतुर्थांश ठेवले, जेणेकरून भागाकार न करता बिट सरकवून काम होईल. लिनक्स कर्नलमधे आजही याच घराण्यातला हिशोब चालतो. कनेक्शन थांबलेलं असेल तर टायमर दर वेळी दुप्पट करायचा हेही त्यातच आलं. आणि परत पाठवलेल्या पॅकेटची अ‍ॅक पहिल्याची की दुसऱ्याची हे कळत नाही म्हणून ते माप हिशोबात धरायचंच नाही, हा फिल कार्न यांचा नियमसुद्धा यात बसवला.

तिसरी जागा गर्दीची. इथे त्यांनी एक धाडसी गृहीतक धरलं, की तारेत खराब होऊन हरवणारी पॅकेट एक टक्क्याहून खूपच कमी असतात तेव्हा पॅकेट हरवलं याचा अर्थ पुढे गर्दी आहे असाच घ्यायचा. गर्दी दिसली की विंडो निम्मी. नाही दिसली तर दर फेरीला फक्त एका पॅकेटने वाढवायची. उतरताना झपाट्याने आणि चढताना हळू. हेही जवळपास तीन ओळींचं काम.

आणि मग चाचणी. त्याच 230.4 किलोबिट लिंकवरून एकाच वेळी चार मोठी ट्रान्सफर. जुन्या कोडने पाठवलेल्या 11,000 पॅकेटांपैकी 4,000 परत पाठवलेली होती, लिंकची क्षमता सेकंदाला 25 किलोबाइट म्हणजे प्रत्येकाला सहा-सहा मिळायला हवे होते, पण एकाला आठ, दोघांना पाच-पाच आणि चौथ्या बिचाऱ्याला अर्धा किलोबाइट, बाकीचे सहा कुठे गेले ते हवेत. नव्या कोडने 8,281 पैकी फक्त 89 परत गेली. दोघांना आठ-आठ, दोघांना साडेचार-साडेचार, म्हणजे अगदी सारखं वाटप नाही पण लिंकचा सगळा हिशोब लागतो. पेपरमधे हा असमानपणा लपवलेला नाही हे मला फार आवडतं, आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळेल याची खात्री टोकाला देता येत नाही, त्यासाठी गेटवेमधे काहीतरी करावं लागेल हेही त्यांनी तिथेच लिहिलं.

दुसरा ग्रुप, दुसरं औषध

ऑगस्ट 1988 मधे स्टॅनफर्डला सिगकॉम कॉन्फरन्समधे हा पेपर आला. त्याच कॉन्फरन्समधे डिजिटल इक्विपमेंट (डीईसी) कंपनीतल्या के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांचाही पेपर होता, विषय तोच, कंजेशन कसं टाळायचं. दोघंही बंगळुरूच्या आयआयएससीत शिकलेले. त्यांचा उपाय वेगळा, राउटरने आपल्यापाशी रांग साठायला लागली की पॅकेटमधे एक बिट लावायचा, घेणारा तो बिट अ‍ॅकबरोबर परत पाठवणार, आणि पाठवणारा हळू होणार. डीईसी-बिट नाव पडलं त्याला. विंडो कमी करताना निम्मी न करता 0.875 पट करायची, म्हणजे झटका कमी.

शुद्ध इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर मला डीईसी-बिट जास्त चांगला वाटतो, हे मी स्पष्टच म्हणतो. पॅकेट फेकून गर्दी कळवण्यापेक्षा आधीच खूण करून सांगणं केव्हाही शहाणपणाचं, आणि 1989 मधे चिऊ आणि जैन यांनी हळू वाढवायचं आणि गुणाकाराने कमी करायचं हे केल्यावरच सगळे जण न्याय्य वाट्याकडे सरकतात हे नीट गणिताने मांडलं, त्या विश्लेषणाचा आधार आज सगळे घेतात.

पण पसरलं कोणतं? जेकबसन-कॅरल्स यांचं. कारण डीईसी-बिटला राउटर बदलायला लागत होते, पॅकेटच्या हेडरमधे जागा लागत होती, घेणारा बदलायला लागत होता आणि पाठवणाराही. इतक्या सगळ्यांनी एकाच वेळी हो म्हणायला हवं. बर्कलीच्या औषधाला फक्त पाठवणाऱ्याने बदलायचं होतं, आणि पाठवणारे बहुतेक सगळे बीएसडी किंवा बीएसडीवरून घेतलेला कोड चालवत होते, आणि तो कोड जिथून यायचा तो ग्रुप टेकडीखालीच बसलेला. जून 1988 मधे 4.3 बीएसडी टाहो बाहेर पडलं त्यात हे सगळं होतं, म्हणजे कॉन्फरन्समधे पेपर वाचला जायच्या आधीच कोड लोकांच्या मशीनवर. 1990 मधे बीएसडीची पुढची आवृत्ती रेनो आली. मधे ऑक्टोबर 1989 च्या आरएफसी 1122 मधे स्लो स्टार्ट आणि कंजेशन अव्हॉइडन्स प्रत्येक होस्टला सक्तीचे झाले.

एक बिट लावायची कल्पना मेली नाही, पण तिला ईसीएन या नावाने इंटरनेटचं प्रमाण व्हायला सप्टेंबर 2001 उजाडला, आरएफसी 3168, त्यावर रामकृष्णन यांचं नाव आहे आणि त्यांच्याबरोबर बर्कलीच्याच सॅली फ्लॉइड यांचं. तेरा वर्षं. माझा मुद्दा तोच, रिसर्च ग्रुपची कल्पना किती चांगली आहे याच्याइतकंच ती किती जणांच्या परवानगीशिवाय वापरात येऊ शकते यावर तिचं आयुष्य ठरतं, आणि हे ग्रुपने पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवायला हवं.

श्रेयाच्या बाबतीतही थोडं सांगायला हवं कारण सगळं एका माणसाच्या नावावर जमा करायची सवय आहे. धोका नेगलनी सांगितला, स्लो स्टार्ट हे नावसुद्धा नेगलनी सुचवलेलं, जेकबसन आधी सॉफ्ट स्टार्ट म्हणत होते. टायमरचा मोठा दोष कार्ननी पकडला. हे बदल बीएसडीच्या मुख्य कोडमधे नेऊन बसवायचं आणि ते सगळीकडे चालतील याची काळजी घ्यायचं काम कॅरल्सचं, आणि 1988 च्या पेपरवर लेखक म्हणून एकट्या जेकबसनचं नाव छापलं गेलं, पुढच्या सुधारित आवृत्तीत कॅरल्सही आले. माइक कॅरल्स 2024 मधे गेले, त्या बातमीला आपल्याकडे फारशी जागा मिळाली नाही, आणि त्याचं वाईट वाटतं कारण आज आपण उघडतो त्या प्रत्येक पानामागे त्यांचं काम आहे.

ग्रुपचं पुढे काय झालं

लॅबमधला हा कट्टा पुढे नेटवर्क रिसर्च ग्रुप म्हणून ओळखला जायला लागला. तिथून काय काय निघालं बघा. ट्रेसराउट, पॅकेट कुठल्या रस्त्याने जातं ते दाखवणारं, जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून लिहिलेलं. टीसीपीडम्प, लाइनवरची पॅकेट टिपून दाखवणारं, जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांचं. त्याच्यासाठीचं बीपीएफ, म्हणजे नको असलेली पॅकेट कर्नलमधेच गाळायची युक्ती, 1993 मधे पेपर आला आणि त्याच्याच वंशातलं ईबीपीएफ आज मोठ्या क्लाउड कंपन्या वापरतात. ब्रो, नेटवर्कवरची घुसखोरी शोधणारं, जे आता झीक नावाने सिक्युरिटीवाले वापरतात, ते व्हर्न पॅक्सन यांचं. लक्षात येतंय का, यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोजायचं किंवा बघायचं हत्यार आहे. आजार समजून घेण्यासाठी बनवलेली हत्यारं आजार गेल्यावरसुद्धा लोकांच्या हातात राहिली आणि फुकट राहिली.

सॅली फ्लॉइड यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. समाजशास्त्रात पदवी, मग बे एरियातल्या बार्ट रेल्वेत बरीच वर्षं कॉम्प्युटर सिस्टिमचं काम, आणि मग परत शिकायला जाऊन 1989 मधे पीएचडी. त्यानंतर त्या या ग्रुपमधे आल्या. 1993 मधे त्यांनी आणि जेकबसननी रेड नावाची पद्धत मांडली, राउटरची रांग पूर्ण भरेपर्यंत थांबण्यापेक्षा आधीच मधूनमधून एखादं पॅकेट टाकून किंवा खूण करून इशारा द्यायचा. म्हणजे 1988 मधे गेटवेचं काम म्हणून जे बाजूला ठेवलं होतं ते यांनी उचललं. ऑगस्ट 2019 मधे त्या गेल्या.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं तर 1986 मधेच एर्नेट, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क, सुरू झालं होतं, संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीच्या मदतीने, आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवर ईमेल सुरू झाली होती, एनसीएसटीत श्रीनिवासन रमाणी यांच्या पुढाकाराने. तिथल्या लोकांनी मोडेम आणि टेलिफोन लाइनशी झुंजत नेटवर्क उभं केलं हे फार मोठं काम आहे. मला खंत एवढीच वाटते की आज आपल्या कॉलेजांचे हजारो मुलांनी भरलेले वायफाय रोज संध्याकाळी गुदमरतात, म्हणजे बर्कलीसारखी आयती प्रयोगशाळा दारात आहे, आणि नेटवर्किंगवर पीएचडी करणारा त्याच इमारतीत बसून सिम्युलेटर चालवतो कारण कॅम्पसच्या राउटरचा पासवर्ड वेगळ्या विभागाकडे असतो. सिम्युलेटरला माझा विरोध नाही, तो लागतोच, पण 40 बिटचा आकडा कुठल्याही सिम्युलेटरमधून आला नव्हता.

औषधाचा दुष्परिणाम

या प्रकरणाची एक उरलेली बाजू आहे जी 2010 च्या आसपास वर आली. पॅकेट हरवलं म्हणजे गर्दी हे गृहीतक धरलं की पॅकेट हरवेपर्यंत पाठवणारा वेग वाढवतच राहणार. 1988 मधे गेटवेत जेमतेम काही डझन पॅकेटांची जागा असायची त्यामुळे इशारा लगेच मिळायचा. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम, राउटर, मोबाइल टॉवर सगळ्यांत मोठमोठे बफर (पॅकेटांना रांगेत थांबवायची जागा) आले, कारण पॅकेट पडणं वाईट असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मग पॅकेट पडतच नाही, टीसीपी बफर भरत राहतं, आणि रांगेत पॅकेट सेकंद सेकंद उभं राहतं. जिम गेटिस यांना 2010 मधे घरच्या कनेक्शनवर मोठी फाइल कॉपी करताना हा उशीर दिसला, त्यांनी तो मोजला, आणि या प्रकाराला बफरब्लोट नाव मिळालं. कोणाला पटेल न पटेल, पण मला वाटतं हे बर्कलीच्या औषधाचं अपयश म्हणता येत नाही, ते औषध ज्या गृहीतकावर उभं होतं ते बाकीच्यांनी न विचारता काढून घेतलं.

2012 मधे कॅथलीन निकोल्स आणि परत तेच जेकबसन यांनी कोडेल आणलं, त्यात रांग किती लांब आहे हे बघतच नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघतात. किमान थांबा 100 मिलिसेकंदांच्या खिडकीत 5 मिलिसेकंदांच्या वरच राहिला तर पॅकेट टाकायला सुरुवात. त्याच वर्षी ते लिनक्समधे आलं, सोबत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारा त्याचा भाऊ एफक्यू-कोडेल. 2016 मधे गूगलच्या ग्रुपने, ज्यात पुन्हा जेकबसन होते, बीबीआर मांडलं जे पॅकेट हरवण्याची वाटच बघत नाही, लिंकचा वेग आणि कमीत कमी फेरीचा वेळ मोजून त्यावर चालतं. त्याच्यावर टीका अशी की शेजारी जुन्या पद्धतीचं किंवा क्युबिकचं (पॅकेट हरवण्यावरच बेतलेली, लिनक्समधे मुळात असलेली पद्धत) कनेक्शन असेल तर ते शेजारचं काही परिस्थितीत दबलं जातं, आणि ही टीका मोजमापांनिशी झालेली आहे, म्हणूनच त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. म्हणजे चार ट्रान्सफरमधे कोणाला किती वाटा हा 1988 चा उरलेला प्रश्न अजून चालूच आहे.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर घरी किंवा होस्टेलवर करून बघा. एका खिडकीत कुठल्याही सर्व्हरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि दुसरीकडे मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर अपलोड करायला टाका. पिंग 20-30 मिलिसेकंदांवरून एकदम काहीशेवर गेला तर तुमच्या राउटरमधे किंवा त्याच्या पुढे रांग साठतेय. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर असेल तर त्यात रांग आवरणारं एसक्यूएम पॅकेज टाकून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा म्हणजे रांग कंपनीच्या मोडेमऐवजी तुमच्या राउटरमधे तयार होईल, जिथे एफक्यू-कोडेल तिला आवरू शकतं. आणि लिनक्स असेल तर एसएस कमांडला टीआय हा ऑप्शन देऊन (ss -ti) बघा, प्रत्येक चालू कनेक्शनपुढे सीडब्ल्यूएनडी (cwnd), म्हणजे कंजेशन विंडो, म्हणून एक आकडा दिसेल. स्लो स्टार्टसाठी 1988 मधे कोडमधे जो एक नवीन व्हेरिएबल आला, तो हाच.